चाकावरची पांढरी रेघ

इंजिन यायच्या आधी आमच्या रसवंतीचा चरक माय आणि अण्णा हातानं फिरवायचे. एकच मोठं लोखंडी चाक, अलीकडून एक आणि पलीकडून एक, समोरासमोर उभे. कांडं टणक निघालं की चाक अडायचं. दोघं एकमेकांकडं बघायची आणि पुन्हा जोर लावायची. मायच्या तळहातांना असे घट्टे पडले होते की तिनं थापलेल्या भाकरीवर त्यांचे खड्डे दिसायचे. मला वाटायचं, भाकरी अशीच असते. पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरी गुळगुळीत भाकरी ताटात आली तेव्हा ती मला विकतची वाटली होती.

शेती होती, पण कोरडवाहू. मका-बाजरी द्यायची आणि दिवाळीनंतर हात वर करायची. तिथून पुढं घर चालायचं ते करमाडच्या अलीकडं, जालना रोडच्या कडेला टाकलेल्या एका छपरावर. बस थांबली की गिऱ्हाईक एकदम उतरायचं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला की निम्मं रस न पिताच परत चढायचं, कारण हाताच्या चरकाला वेळ लागतो. त्यांच्यासाठी भरायला घेतलेले ग्लास मग माझ्या वाट्याला यायचे. लोकांना वाटतं, रसवंतीवाल्याची पोर म्हणजे चैन. तो रस मी प्यायचे तेव्हा माय माझ्याकडं बघत नसायची, रस्त्याकडं बघत असायची. तो मला कधी गोड लागला नाही.

यंदाही शिवरात्र झाली आणि करमाडपासून शेंद्र्यापर्यंत रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीची छपरं उभी राहिली. मी आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या विभागात नोकरीला आहे. सकाळी कंपनीच्या बसच्या खिडकीतून आधी ओल्या चिपाडांचा वास येतो, मग डिझेलचा. कुठंतरी कुणीतरी वाकून इंजिनाला हँडल मारत असतं. ते दिसलं की समोरच्या सीटच्या दांडीवर माझी मूठ बसते आणि अंगठा आपोआप बोटांच्या रांगेत जाऊन बसतो.

शेजारी बसणारी मैत्रीण म्हणते, "मनीषा, तू दांडी माकडासारखी काय धरतीस गं?"

तिला काय सांगू? हँडल धरताना अंगठा खालून गुंडाळला आणि इंजिनानं उलटा झटका दिला, तर अंगठा गेला म्हणून समजा. अंगठा बोटांच्या शेजारी ठेवायचा, म्हणजे हँडल हातातून सुटून जातं. हे मला अण्णांनी इंजिन घरी आलं त्याच दिवशी शिकवलं. तेव्हा मी सातवीत होते. आता मी जिथं काम करते तिथं इंजिन एका बटणावर चालू होतं, काचेच्या पलीकडं. तरी बटण दाबतानाही मी श्वास धरते.

ते इंजिन राजकोटकडचं. जुनं, उभं, एका सिलिंडरचं. एका बाजूला माझ्या छातीपर्यंत येणारं जड चाक. अण्णांनी ते टेम्पोतून उतरवलं तेव्हा माय म्हणाली होती, "हे आता माझ्या जागी उभं ऱ्हाणार व्हय?" अण्णा म्हणाले, "तुझ्या जागी कोण उभं ऱ्हाईल बाई? हे माझ्या जागी." चरकाच्या दांड्याला पितळी घुंगरं बांधली. इंजिन धकधक करायचं, चरक फिरायचा, घुंगरं छुमछुम वाजायची, आणि बसमधलं एकही गिऱ्हाईक रस न पिता परत चढेनासं झालं. पहिल्या उन्हाळ्यात माय उगाच चरकाच्या बाजूला उभी राहायची. हातांना काय काम द्यावं ते तिला कळायचं नाही.

दरवर्षी शिवरात्रीला इंजिनाची पूजा. आदल्या दिवशी अण्णा ते रॉकेलनं पुसून काढायचे आणि चाकाला ऑइलपेंट द्यायचे. दरवर्षी नवा रंग, कारण रस्त्यावरच्या बाकीच्या रसवंत्या आपलं चाक तसंच ठेवायच्या आणि अण्णांना आपलं वेगळं दिसायला पाहिजे असायचं. रंग वाळला की चाकाच्या काठावर एक आडवी पांढरी रेघ ओढायची. इंजिन आलं तेव्हा तिथं एक पांढरी खूण होतीच, ती अण्णांना आवडली होती. चाक फिरलं की ती रेघ नुसती लकाकायची. लांबून येणाऱ्याला कळायचं, रस चालू आहे. मग हळद-कुंकू, नारळ, आणि पहिला ग्लास महादेवाला.

मी शाळा-कॉलेजात जे शिकले ते त्या छपराखाली बसून शिकले. परीक्षा आणि रसवंतीचा हंगाम माझ्या आयुष्यात कायम एकदम आले. माझ्या पुस्तकांना मुंग्या लागायच्या, कारण पानं उलटणारी बोटं रसाची असायची. घरात माझ्या आधी कुणी बारावी ओलांडली नव्हती. मी मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हा गावातले एक मामा म्हणाले, "पोरीची जात, इंजिनात काय बघणार?" माय म्हणाली, "तुम्ही रस पिता तवा इंजिन कोण पुसतं, बघितलंय का कधी?" मामांनी ग्लास संपवला.

मी सांगणार आहे तो उन्हाळा तिसऱ्या वर्षाचा.

त्याच्या आदल्या हंगामातच इंजिन थकलं होतं. काळा धूर सोडायचं, कांडं दुमडून घातलं की घुंगरं अडखळायची. धुराचा वास रसाला लागतो अशी कुरकुर व्हायला लागली. म्हणून शिवरात्रीच्या आधी अण्णांनी शहरातून सलीमचाचांना बोलावलं. सलीमचाचा म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या रसवंत्यांचे डॉक्टर. त्यांनी डिझेलचा पंप खोलला, आतला झिजलेला दट्ट्या बदलला, आणि पंप परत बसवून टायमिंग लावलं.

टायमिंग म्हणजे काय, तर सिलिंडरमध्ये डिझेल नेमकं कधी सोडायचं. पिस्टन वर येत असतो, हवा दाबून तापत असते, आणि तो अगदी वर पोचायच्या जरा आधी डिझेलचा फवारा सुटला पाहिजे. उशिरा सुटला तर इंजिन धुरकट आणि मरगळलेलं. जरा लवकर सुटला तर ताकदीचं, कडक. पण फारच लवकर सुटला, तर पिस्टन वर पोचायच्या आधीच आत भडका होतो आणि तो पिस्टनला आल्या वाटेनं खाली ढकलतो. इंजिन चालू असताना जड चाकाच्या जोरावर ते निभतं, नुसतं ठकठक वाजतं. पण चालू करताना, चाक हातानं फिरवत असताना, तो उलटा धक्का थेट हँडलला येतो. हँडलला आणि हँडल धरणाऱ्याला.

पंपाच्या बुडाशी पातळ पत्त्या असतात, पॅकिंग म्हणतात. पत्ती काढली की डिझेल लवकर सुटतं, घातली की उशिरा. आमच्या रस्त्यावर सगळ्यांचा एकच हट्ट असायचा: "एखादी पत्ती काढा, आवाज कडक पाहिजे." ज्याचं इंजिन कडक बोलतं त्याचं मशीन दणकट, असा हिशोब. सलीमचाचांनी चाकावरची खूण बघून टायमिंग लावलं, अण्णांनी हँडल मारलं, आणि इंजिन असं बोललं की पलीकडच्या शेतातले बगळे उडाले.

"आता कसं!" अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी बारावी पास झाले तेव्हाचं हसू होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी. मी छपराखाली पुस्तक घेऊन बसले होते. अण्णांनी दोन-तीन फेरे दिले, खटका पाडला. या खटक्यानं सिलिंडरची झडप उघडी राहते म्हणून चाक हलकं फिरतं. खटका पाडला की दाब भरतो आणि इंजिन पेट घेतं. त्या दिवशी पेट घेतला तो उलटा. एक वाळलेली काठी मोडल्यासारखा आवाज आला. हँडल चिपाडाच्या ढिगात जाऊन पडलं. मग सगळं शांत, आणि त्या शांततेत अण्णांचा आवाज, "काय नाय. काय नाय झालं." त्यांचा हात मनगटापाशी अशा कोनात वळला होता, ज्या कोनात हात वळत नाही. अंगठा त्यांनी नीटच ठेवला होता. म्हणून अंगठा वाचला, मनगट गेलं.

प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवसापासून हँडल मायनं घेतलं.

कुणी तिला सांगितलं नाही. तिनं पदर खोचला, हँडल उचललं, चाकाशी उभी राहिली. इंजिनानं ज्या जागेवरनं तिला हटवलं होतं त्याच जागेवर. ट्रकवाले बघत जायचे. एकजण खिडकीतून ओरडला, "ओ मालक, बाईला कामाला लावून बसून राहिलात व्हय!" अण्णा प्लास्टरचा हात वर करून हसले. नंतर बराच वेळ त्यांनी रस्त्याकडं पाठ केली.

डिझेल वाचवायचं म्हणून गिऱ्हाईक नसलं की इंजिन बंद करायची आमची रीत. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा चालू करायचं. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा माय त्या हँडलवर वाकणार. मी कॉलेजात बसायचे आणि फळ्यावरचं काही दिसायचं नाही. आता दुपारची बस आली असेल. आता माय उठली असेल. फोन वाजला की वाटायचं, मायचा हात. फोन वाजला नाही तरी तेच वाटायचं. काळजीचं एक असतं, ती काही करू देत नाही आणि स्वस्थ बसूही देत नाही. घरी गेले की आधी मायचे हात बघायचे. तिला ते कळायचं. ती दोन्ही हात पुढं करून म्हणायची, "मोज. सगळी बोटं हायेत."

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत आमचं टायमिंगचं प्रात्यक्षिक होतं. मॅडमनी विचारलं, "आधी काय शोधाल?" मी म्हणाले, "पंपातून गळणारा थेंब थांबतो तो क्षण." त्या म्हणाल्या, "आणि त्याच्याही आधी?" मॅडमनी चिंधीनं चाकाचा काठ पुसला आणि बोट ठेवलं. तिथं कारखान्यानं छिन्नीनं मारलेली केसाएवढी बारीक खूण होती आणि तिच्या शेजारी एक ठिपका.

केसाएवढी. माझ्या डोळ्यांपुढं आमची रेघ आली. बोटभर जाड.

घरी आले ती सरळ अण्णांपाशी.

"अण्णा, चाकावरची पांढरी रेघ कोण ओढतं?"

"मीच. दुसरं कोण?"

"कशावरनं?"

"कशावरनं म्हंजी? मागच्या वर्षीची असती ना खाली. तिच्यावरनं."

"आणि ती?"

"तिच्या मागच्या वर्षीच्यावरनं." अण्णा हसले. मग थांबले. "कामून गं?"

मी त्यांना सांगितलं. सलीमचाचांनी जी खूण धरून टायमिंग लावलं ती खूण इंजिन बनवणाऱ्यांची नाही, तुमच्या ब्रशाची असू शकते. दरवर्षी रंग नवा, दरवर्षी रेघ अंदाजानं. सरकत सरकत कुठं गेली असेल कुणाला माहीत.

अण्णांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "नाय. हंगामात पंप खोलायचा नाय. चालतंय ना? कडक चालतंय. खोलला आणि परत लागलं नाय तर? ऊस पडलाय तो वाळून जाईल. गिऱ्हाईक पलीकडच्या रसवंतीवर गेलं की परत येत नाय, मने."

मला पुस्तकातलं येत होतं. पुस्तकातलं इंजिन कधी चालू व्हायचं राहत नाही. मी चुकले, टायमिंग फार मागं गेलं, तर इंजिन पुन्हा धूर ओकणार, चरक अडणार, भर हंगामात छप्पर बंद. नाही खोललं, तर माय हँडलवर. दोन्हीकडं भीतीच, आणि कुठली मोठी ते मला ठरवता येईना. रात्रीचं जेवण झालं.

शेवटी माय म्हणाली, "हात माझा हाय का तुमचा?"

अण्णा म्हणाले, "तुझा."

"मग मी सांगती. खोला."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. माय म्हणाली, मंगळवारी लक्ष्मी खरवडायची नाय. बुधवारी सकाळी तिनं चाकाला हात जोडले, "माफ कर गं बाई," असं पुटपुटली आणि मग मला पत्र्याचा तुकडा दिला खरवडायला.

मी पांढऱ्या रेघेच्या आसपास खरवडायला लागले. वरचा त्या हंगामाचा हिरवा. त्याच्या खाली लाल. त्या उन्हाळ्यात कॉलेजला जायला मला सायकलऐवजी बस सुरू झाली होती. लालखाली केशरी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा. केशरीखाली निळा, माझ्या बारावीचा. निळ्याखाली रंगच नाही, नुसती गंजाची तांबूस पापडी. मी थबकले. मग कळलं. टाळेबंदीचं वर्ष. त्या वर्षी रस्ता रिकामा होता, शिवरात्रीचा रंग पावसानं खाल्ला होता, आणि चाक वर्षभर गोणपाटाखाली पडून होतं. गंजाखाली चंदेरी, मग पिवळा, मग आणखी एक हिरवा. आमच्या घराची सगळी वर्षं त्या काठावर नखभर जाडीत बसली होती. आणि प्रत्येक रंगावर पांढऱ्या रेघेचा एक तुकडा, खालच्या रेघेपासून जरा पुढं. प्रत्येक वर्षी जरासाच. कुणाच्या डोळ्याला खुपू नये इतकाच.

तळाला कारखान्याचा राखाडी रंग लागला. त्या राखाडीत, वरच्या पांढऱ्या रेघेपासून तीन बोटं मागं, केसाएवढी खूण. शेजारी ठिपका.

अण्णा वाकून बघत होते. प्लास्टरचा हात छातीशी धरून म्हणाले, "म्हंजी माझाच हात माझ्याच रेघेनं मोडला व्हय?"

मायनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती का रडत होती, मी बघितलं नाही.

सलीमचाचा दुपारी आले. रोजे चालू होते, त्यांचे ओठ सुकले होते. त्यांनी खूण बघितली, माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं.

"क्या अण्णा," ते म्हणाले, "मैं तुमारी लकीर पे चला ना! मेरेकू क्या मालूम तुम हर साल सरकाते बोलके."

"मला तरी कुठं माहीत होतं, सलीमभाई."

"डॉक्टर की गलती नै, मरीज ने कागज पे खुद लिखा!" असं म्हणून ते हसले, आणि हसतच बाह्या वर केल्या. "चल बेटा, तेरा इम्तिहान है. तू खूण पे बैठ."

टायमिंग लावायची रीत अशी. पंपाच्या तोंडावरची नळी आणि आतली झडप काढायची. मग टाकीतलं डिझेल पंपातून आपोआप वर येऊन थेंब थेंब गळत राहतं. चाक हातानं हळू फिरवायचं. आतला दट्ट्या वर चढतो आणि भोक झाकतो, त्या क्षणी थेंब थांबतो. थेंब थांबला तेव्हा चाकावरची खूण इंजिनावरच्या काट्यासमोर आली पाहिजे. एवढंच. सलीमचाचा पंपाशी, माय चाकाशी, मी खुणेशी. अण्णांनी स्वतःहून थेंबावर लक्ष ठेवायचं काम घेतलं. एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात टॉर्च, डोळा थेंबावर.

"हळू," अण्णा म्हणाले. "हळू गं. येतोय... येतोय... थांबला!"

खूण काट्याच्या कितीतरी अलीकडं होती. थेंब फार लवकर थांबला होता.

सलीमचाचांनी पंप ढिला केला. पत्त्या पाहिजे होत्या, आणि त्यांच्या डब्यात होत्या त्या पुरेनात. "मोटा कागद है क्या?" छपराच्या खांबाला खिळ्यावर लग्नपत्रिका अडकवलेल्या असायच्या. त्यातली एक त्यांनी चाचपली. "ये अच्छी है. बड़े घर की शादी दिखती." कैचीनं कापली, गणपतीचं चित्र तेवढं बाजूला काढून मायच्या हातात दिलं, उरलेली तेलात बुडवून पंपाखाली घातली. पुन्हा चाक. "येतोय... थांबला!" अजून अलीकडं. आणखी एक पत्ती. पुन्हा. माझे गुडघे मातीत रुतले होते, मानेवरून घाम ओघळत होता, आणि मी त्या केसाएवढ्या खुणेकडं बघत होते. मला वाटत होतं, मी डोळा मिटला तर ती पुन्हा रंगाखाली जाईल.

"थांबला!"

खूण आणि काटा समोरासमोर.

"खात्री?" सलीमचाचांनी विचारलं.

"अजून एकदा," मी म्हणाले. अजून एकदा फिरवलं. तरी मी म्हणाले, "अजून एकदा." सलीमचाचा म्हणाले, "बेटा, रोजा मैं रखा हूँ, इम्तिहान तू ले रही." पण फिरवलं.

नळी जोडली. हवा काढली. ऊन उतरलं होतं. आता हँडल.

अण्णा म्हणाले, डाव्या हातानं मी मारतो. मी म्हणाले, मी मारते. सलीमचाचांनी हात पुढं केला. मायनं कुणाचं ऐकलं नाही. "ज्याचा रोजचा हात हाय त्यानं मारावं," ती म्हणाली आणि हँडल लावलं. "मने, तू खटका धर."

खटका माझ्या बोटात होता. माय फिरवायला लागली. चाक जड, मग हलकं, मग वेगात. तिच्या बांगड्या वाजत होत्या. तिच्या अंगठ्याकडं बघितलं, बोटांच्या रांगेत होता. मी खटका पाडायला पाहिजे होता. माझं बोट हलेना. एवढं सगळं शिकले, तीन वर्षं शिकले, आणि ते सगळं त्या एका बोटात अडून बसलं होतं.

"पाड की गं!" माय धापा टाकत ओरडली. "का मलाच इंजिन करणार हायेस?"

मी खटका पाडला.

धक. धक. धकधक धकधक. हँडल तिच्या हातातून अलगद सुटलं, जसं सुटायला पाहिजे तसं. माय दोन पावलं मागं सरली आणि सवयीनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

आवाज मऊ होता. अण्णांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा तेच बघितलं, त्यांचं मन खट्टू झालं होतं. "लई मऊ बोलतंय गं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणंल मशीन मेलं." सलीमचाचांनी सगळ्यात जाड कांडं घेतलं, मधोमध मोडलं, त्यात आलं घातलं आणि चरकात सोडलं. आम्ही सगळे घुंगरांकडं बघत होतो. ती अडखळली नाहीत. धूरही काळा नव्हता, असलाच तर उदबत्तीएवढा.

आणि मग ते आमच्या एकदमच लक्षात आलं. आधी बोलली ती माय. "घुंगरं ऐकू येऊ राहिलीत."

कडक आवाजाखाली हंगामभर घुंगरं बुडाली होती. ठकठकीत कुणाला ऐकू येत नव्हती, आणि आम्हालाही ते कळलं नव्हतं. आता ती पार रस्त्यापलीकडं जात होती. एक मोटारसायकल पुढं गेली, थांबली आणि वळून आली.

गावातून अजान ऐकू आली. मायनं पहिला ग्लास सलीमचाचांपुढं धरला. त्यांनी खिशातून खजूर काढला, तो खाल्ला, मग रस एका दमात प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, "अब इंजिन सही है."

काळजी त्या संध्याकाळी गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो सगळा हंगाम, इंजिन चालू व्हायच्या आधीच्या त्या दोन-तीन फेऱ्यांत मी जिथं असेन तिथं थांबायचे. परीक्षेच्या हॉलमध्येही. टायमिंगवर प्रश्न आला होता. मी उत्तर लिहिलं, आकृती काढली, आणि खुणेचा ठिपका काढताना पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. इंजिन सुरक्षित आहे हे डोक्याला माहीत होतं. पोटाला ते कळायला एक उन्हाळा कमी पडला. अजूनही पूर्ण कळलेलं नाही, नाहीतर बसची दांडी मी माणसासारखी धरली असती.

शिवरात्रीला अण्णा अजून चाक रंगवतात. ते त्यांनी सोडलं नाही, सोडावं असं आम्ही म्हटलंही नाही. फक्त आता रंग द्यायच्या आधी माय कपाळावरची टिकली काढते, खुणेवर चिकटवते आणि दाबून बसवते. अण्णा वरून रंग देतात. वाळला की माय नखानं टिकली उचलते. खाली राखाडी लोखंड, केसाएवढी रेघ आणि ठिपका. पांढरी रेघही असते, दुसऱ्या बाजूला. तिचं काम नुसतं लकाकायचं. यंदाचा रंग जांभळा आहे.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या इंजिनानं कुणाचा हात मोडला नाही. अण्णांचं मनगट भरून आलं. मायच्या हातांना सगळी बोटं आहेत. मी पुढच्या वर्षी पदवी पास झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.